रिकामा ठेवू नकोस

लोणावळ्याचा बंगला घेतलास, चांगलं केलंस. मागच्या बागेतला पोहण्याचा तलाव तुला नको आहे, तेही मला पटतं. तुम्ही दोघं महिन्यातून दोनदा जाणार, मुलगा अजून लहान, आणि तलाव सांभाळायचा म्हणजे रोज कुणीतरी त्याच्या मागे असावं लागतं. पण परवा फोनवर म्हणालीस, "मामा, सध्या पाणी काढून नुसता रिकामा ठेवते, पुढचं पुढे बघू." तेवढं मात्र करू नकोस. नकोशा तलावाने जे काही नुकसान होतं, ते बहुतेक वेळा या "पुढचं पुढे बघू"च्या काळातच होतं. ठेवायचा तर नीट ठेव, मोडायचा तर नीट मोड. माझं सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी सांगितलेलं आणि पुढे स्वतः पाहिलेलं, असं दोन्ही मिळून तुला सांगतो.

आधी रिकाम्या तलावाचं. मावळात पावसाळा लागला की जमिनीखालचं पाणी झपाट्याने वर येतं. काही आवारांत जुलैमध्ये दोन हात खणलं तरी पाणी लागतं. ते पाणी तलावाच्या तळाला खालून रेटत असतं. तलाव भरलेला असतो तेव्हा आतलं पाणी त्या रेट्याला तोलून धरतं. आतलं पाणी काढलंस की तोल गेला. बादलीभर पाण्यात रिकामं पातेलं दाबून बघ, हात काढताच ते वर येतं. काँक्रीटचा तलावही तेच करू पाहतो. हिशोब सोपा आहे. तळाच्या वर एक मीटर उंचीपर्यंत बाहेरचं पाणी चढलं, तर ते दर चौरस मीटरला एक टन जोराने वर ढकलतं. तुझ्या तलावाचा तळ साधारण १५ सेंटीमीटर जाड असेल, म्हणजे त्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास. भिंतींचं वजन आणि बाजूच्या मातीची पकड थोडी मदत करते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. अशा वेळी तळ फुगतो, टाइल्स उडतात, पाइपांचे जोड तुटतात. फायबरचा तलाव असेल तर अख्खा उचलला जातो. काळ्या मातीच्या जागेत आणखी एक होतं: माती पाणी पिऊन फुगते आणि रिकाम्या तलावाच्या भिंती आत ढकलते.

काही तलावांच्या तळाशी, खोल टोकाच्या जाळीखाली, एक झडप बसवलेली असते. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की ती उघडते आणि पाणी आत घेऊन दाब कमी करते. तुझ्या तलावाला ती आहे का, हे जुन्या मालकांना विचार. असली तरी वर्षानुवर्षं न उघडलेली झडप गाळाने बसलेली असू शकते, म्हणून तिच्या भरवशावर पावसात पाणी काढू नकोस.

मग पाणी काढायचं कधी? फेब्रुवारी ते मे. तेव्हाही आधी शेजारच्या विहिरीत पाणी किती खाली गेलंय ते डोळ्यांनी बघायचं. विहीर नसेल तर तलावाच्या खोल टोकापासून थोडं लांब, तळापेक्षा खोल असा एक खड्डा घेऊन रात्रभर ठेवायचा. सकाळी तो कोरडा असेल तर काम सुरू करायचं. खड्ड्यात पाणी साठलं असेल तर थांबायचं. आणि हातात घेतलेलं काम मृगाच्या आधी संपलं पाहिजे. ७ जूननंतर घाटावर कुणीही "होईल हो साहेब" म्हणाला तरी ऐकू नकोस.

निर्णय होईपर्यंत तलाव भरलेला ठेवायचा आणि त्यातलं पाणी जिवंत ठेवायचं, म्हणजे रोज फिरतं ठेवायचं. एक हॉर्सपॉवरचा पंप दिवसाला सहा तास चालला तर साडेचार युनिट वीज जाते, महिन्याला १३५ युनिट. हा खर्च नको वाटतो, पण हिरवं झालेलं पाणी त्याहून महाग पडतं. डेंग्यूचा डास घाण पाण्यात होतो असा लोकांचा समज आहे. एडिस डासाला साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणीच आवडतं, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. तलाव काही आठवड्याला कोरडा करता येत नाही, म्हणून पाणी फिरतं ठेवायचं. क्लोरीन बंद करून पाणी नुसतं राखायचं ठरवलंस तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी मासे माग, बहुतेक ठिकाणी ते मिळतात. मात्र पाण्यात क्लोरीनचा अंश असेपर्यंत ते सोडू नकोस, मरतील. आणि ते मासे खालच्या ओढ्यात जाऊ देऊ नकोस, ते परदेशातून आणलेले आहेत आणि ओढ्यातल्या आपल्या माशांवर त्यांचा जाच होतो. उताराच्या बाजूने पाणी सांडणारा तलाव असेल तर खाली एक वेगळी टाकी असते, सांडलेलं पाणी झेलणारी. तलाव स्वच्छ ठेवणारे लोकही ती टाकी विसरतात, आणि डास तिथेच होतात. पंपाच्या खोलीतला खड्डाही बघ.

आता ताडपत्री. ती टाकू नकोस. पावसात ताडपत्रीवर पाणी आणि पाला साठतो, वरून ते जमिनीसारखं दिसतं. लहान मूल किंवा कुत्रं त्यावर पाय ठेवतं आणि ताडपत्रीसकट आत जातं. वरून कुणाला काही दिसतही नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये बुडणं हे जगभर मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि मूल बुडताना आवाज होत नाही. आपल्याकडे प्लास्टिकच्या शेततळ्यांमध्ये मुलं आणि मोठी माणसंही गेली आहेत, कारण निसरड्या उतारावरून वर चढता येत नाही. म्हणून घर ताब्यात घेतल्यावर पहिला खर्च कुंपणाचा. चार फूट उंच, चढायला आडवे गज नसलेलं, आणि आपोआप बंद होणारं फाटक, ज्याची कडी मुलाच्या हाताला लागणार नाही. बंगल्याची राखण करणाऱ्या कुटुंबाची मुलंही तिथेच खेळतात. कुंपण त्यांच्यासाठीही आहे. काठावर एक लांब दोर आणि टायरची ट्यूब कायम टांगलेली असू दे. आणि तलावात एका टोकाला गोणपाट गुंडाळलेली फळी तिरपी लावून ठेव. बेडूक, धामण, खार, मांजराची पिल्लं आत पडली की गुळगुळीत भिंतीवरून वर येऊ शकत नाहीत. त्या एका फळीने त्यांचे जीव वाचतात.

हे झालं की तलावाची नाडी तपास. एक बादली तलावातल्याच पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर, पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेव. बादलीत आणि तलावात, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीची खूण कर. पंप बंद, पाऊस नाही असा दिवस निवड. चोवीस तासांनी बघ. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते उन्हाने गेलं. तलावातलं जास्त उतरलं असेल तर गळती आहे. पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं, म्हणून ही चाचणी दोन-तीनदा कर.

दुसरं बघायचं ते तलाव बसला आहे कुठे. सपाट जमिनीत असेल तर सगळे रस्ते मोकळे आहेत. पण लोणावळा-खंडाळ्याकडे दरीच्या बाजूला धरभिंत बांधून तिच्यावर तलाव ठेवण्याची पद्धत आहे. तसा असेल तर तो मातीने भरायचा विचार संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय मनातही आणू नकोस. पाण्याचं वजन घनमीटरला एक टन. पावसात भिजलेल्या भरावाचं वजन दोन टनांच्या घरात जातं. जी भिंत आजवर पाण्याचा भार सोसत आली, तिच्यावर तू दुप्पट ओझं टाकशील, तेही घाटातल्या पावसात. गच्चीवरचा तलाव असेल तर तीच गोष्ट अधिक सक्त: तिथे माती भरायचीच नाही.

आता माझं मत. तलाव गळत नसेल आणि सपाट जमिनीत असेल, तर तो बुजवू नकोस. त्याची पाण्याची टाकी कर. तुझा तलाव २६ फूट बाय १३ फूट, खोली साडेतीन ते सहा फूट. म्हणजे जवळजवळ ४५,००० लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरच्या साडेचार टँकरांएवढं. आपल्या राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' अशी सरकारी योजना निघाली, शेतकरी अनुदान घेऊन जमीन खणतो, प्लास्टिक अंथरतो, आणि तुझ्या अंगणात पक्कं, टाइल लावलेलं तळं आयतं आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो आणि तरी मार्चनंतर कितीतरी बंगले टँकर मागवतात. हे मला फार लागतं.

गणित बघ. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं. वाया जाणारं धरून ऐंशी लिटर हाती येतं. ४५,००० लिटरला साडेपाचशे मिलिमीटरच्या वर थोडा पाऊस लागतो, तेवढा तुमच्याकडे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच पडून जातो. पुण्यात, जिथे सरासरी सातशेच्या घरात आहे, तिथेही एवढा तलाव एका पावसाळ्यात भरेल. आणि ते पाणी जानेवारी ते मे असे दीडशे दिवस रोज ३०० लिटर या दराने पुरतं. बागेला, गाडी धुवायला, संडासाच्या टाकीला.

पण एक अट आहे: वरून झाकलं पाहिजे. उघड्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. हिवाळ्यात रोज तीन-चार आणि एप्रिल-मेत सहा-सात मिलिमीटर पाणी हवेत जातं. सरासरी पाच धर. रोज १६० लिटर, दीडशे दिवसांत २४,००० लिटर. साठवलेल्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी सूर्य पिऊन टाकेल. शिवाय डास, पाला, शेवाळ आहेच. म्हणून आरसीसी स्लॅब टाकायचा. तलावाच्या भिंती स्लॅबचं वजन घ्यायला बांधलेल्या नसतात, म्हणून नकाशा अभियंत्याकडून करून घे. तेरा फुटांचा गाळा आहे, मधे तुळई किंवा खांब लागतील की नाही हे त्याला ठरवू दे. लोखंडी गर्डर टाकून वर पत्रे ठोकायचा स्वस्त सल्ला कुणी देईल, तो घेऊ नकोस. कायम दमट जागेत लोखंड गंजतं, आणि बाहेरून रंगवलेलं असतं म्हणून ते दिसत नाही. स्लॅबला दोन टोकांना दोन मॅनहोल ठेव, कुलपाची झाकणं बसव, आणि जाळी लावलेले हवेचे पाइप काढ. वर फरशी टाकली की तुला बसायला अंगण मिळतं. काम सुरू करण्याआधी मंजूर नकाशात तलाव कसा दाखवला आहे ते काढून बघ आणि नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात विचारून घे.

छपराचं पाणी थेट आत सोडायचं नाही. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी छपरावरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते वेगळ्या नळीने बाहेर काढायचं. मग जाळी, मग गाळ बसायला छोटं कुंड, मग तलाव. तुझ्या पंपाच्या खोलीत वाळूचा फिल्टर आहे, तो भंगारात देऊ नकोस. तोच पंप आणि तोच फिल्टर साठवलेलं पाणी अधूनमधून फिरवायला उपयोगी पडतो. टाकी भरल्यावर जादा पाणी जाण्यासाठी मोठा पाइप उताराच्या बाजूला, घराच्या पायापासून दूर काढायचा. हे पाणी प्यायला वापरू नये. वापरायचंच झालं तर तपासून आणि शुद्ध करूनच.

आणि एक गोष्ट तुझ्या माळ्याला, राखणदाराला, सगळ्यांना बजावून ठेव. झाकलेल्या टाकीत एकट्याने उतरायचं नाही. दोन्ही झाकणं बराच वेळ उघडी ठेवून, पंख्याने हवा खेळवून, कमरेला दोर बांधून, वर दुसरा माणूस उभा असेल तरच उतरायचं. बंद टाकीतली हवा माणसाला मिनिटांत बेशुद्ध करते, आणि वरचा माणूस त्याला वाचवायला उडी मारतो तो सुद्धा परत वर येत नाही. आत कुणी पडलं तर दोराने ओढायचं, स्वतः उतरायचं नाही.

तलाव गळत असेल, तळ फुटलेला असेल, किंवा टाकीचा खर्च झेपत नसेल, तर बुजव. बुजवणंही चांगलं काम आहे, फक्त ते घाईत करायचं नाही. बहुतेक ठिकाणी माणसं जेसीबी बोलावतात, मिळेल तो राडारोडा ढकलतात, वर लाल माती पसरतात आणि लॉन लावतात. दोन पावसाळ्यांत मधोमध खळगा पडतो आणि त्यात पाणी साठायला लागतं. याचं कारण खाली आहे. अख्खं काँक्रीट जसंच्या तसं सोडलं तर मातीखाली एक बंद हौद राहतो. पावसाचं पाणी त्यात उतरतं, जायला वाट नसते, आणि वरची माती चिखल होते.

म्हणून तळ फोडायचा. पाणी काढल्यावर ब्रेकरने खोल टोकापासून सुरुवात करायची. दर तीन-चार चौरस मीटरला फूटभर रुंदीचं आरपार भोक, आणि खोल टोकाला जास्त. पहिलं भोक पाडलं की थांबून बघायचं. खालून पाणी उसळत असेल तर काम बंद, उन्हाळा अजून वाढू दे. तळ झाला की भिंतींचा वरचा दोन-अडीच फुटांचा भाग तोडून आत पाडायचा, म्हणजे पुढे झाडांची मुळं अडत नाहीत आणि मातीखाली कडा राहत नाही. जेसीबी रिकाम्या तलावाच्या काठाला लावू द्यायचा नाही. आतून आधार नसलेली भिंत यंत्राच्या वजनाने आत कोसळते, चालकासकट. आणि आत यायच्या वाटेवर सेप्टिक टँक कुठे आहे ते आधी चुन्याने आखून ठेव.

भरताना खाली तुटलेलं काँक्रीट आणि डबर, त्यावर बारीक डबर आणि खडी, मग मुरूम. मुरूम नऊ-नऊ इंचांच्या थरांनी टाकायचा. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा. आमचे मिस्त्री थर झाला की त्यावर टाच रोवून बघायचे. टाच रुतली तर पुढची गाडी खाली करू द्यायचे नाहीत, मग गाडीवाला कितीही ओरडो. ठेकेदार एकदम चार फूट भरून वरून पाणी सोडेल आणि "बसतं आपोआप" म्हणेल. तसं ते बसतं, पण तुझं लॉन लावून झाल्यावर. काळी माती भरावात घालू नकोस. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. लाकडाचे ओंडके, झाडांच्या फांद्या, जिप्समचे तुकडे, प्लास्टिक, यातलं काहीही आत जाता कामा नये. लाकूड कुजलं की खाली पोकळी होते, आणि त्याआधी वाळवी येते.

माल किती लागेल तेही सांगून ठेवतो, नाहीतर गाड्यांचा हिशोब तुला कळायचा नाही. तुझा तलाव सोळा ब्रासचा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ठोकून बसवल्यावर माल चौथ्या-पाचव्या भागाने कमी होतो, म्हणून वीस ब्रासच्या आसपास धर. त्यातून तुझंच फुटलेलं काँक्रीट वजा होईल. दोन ब्रासच्या गाडीने साधारण दहा खेपा. प्रत्येक गाडीचा माल ओतण्याआधी मापून घे. मुरुमाच्या गाडीकडे गौण खनिजाची रॉयल्टी भरल्याचा वाहतूक पास असतो, तो बघ आणि त्याची प्रत ठेव. चोरून उपसलेला मुरूम आपल्या आवारात नको. मावळातल्या टेकड्या आधीच पोखरल्या गेल्या आहेत.

सगळ्यात वर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरून दीड फूट चांगली माती आणि शेणखत. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच ठेव, एक पावसाळा जाऊ दे. तोपर्यंत फरशी नाही, लॉन नाही, झोपाळ्याचे खांब तर नाहीतच. पहिल्या वर्षी हळद, गवती चहा, कर्दळ, केळी लाव. त्यांची मुळं उथळ असतात आणि भराव कुठे बसला ते लगेच दिसतं. आंबा-फणस त्या जागेवर लावू नकोस. आणि पुढे कधी तिथे खोली बांधायची इच्छा असेल तर हा उपाय चालणार नाही; मग अख्खा तलाव उखडून काढावा लागतो आणि भराव अभियंत्याच्या देखरेखीखाली होतो. काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढ, मापांसकट एक कच्चा नकाशा कर आणि घराच्या कागदांत लाव. उद्या बंगला विकलास तर घेणाऱ्याला जमिनीखाली काय आहे हे कळलं पाहिजे.

तिसरा मार्ग कमळाच्या तळ्याचा. दिसायला सगळ्यात सुंदर, पण ज्याला तिथे राहायचं आहे त्याच्यासाठी. खोल भाग डबर आणि मातीने भरून पाणी दोन-अडीच फुटांवर आणायचं, काठाला पायऱ्यांसारखे कट्टे करायचे, तिथे वेखंड आणि वाळा, मधे कुंड्यांतून कुमुदिनी. रोज पाच-सहा तास ऊन लागतं. जलपर्णी कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी नको. तुमच्या महिन्यातून दोन फेऱ्यांवर हे जमणार नाही, आणि लहान मुलाला अडीच फूट पाणीही खोलच आहे. तू कायमची राहायला गेलीस तर पुन्हा बोलू.

कुठलाही मार्ग घेतलास तरी आतलं पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न आहेच. क्लोरीनचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, त्यातले मासे-खेकडे मरतात. औषध टाकणं बंद करायचं, तलाव उघड्यावर उन्हात राहू द्यायचा. साधा क्लोरीन उन्हाने काही दिवसांत उडतो. पण टीसीसीएच्या गोळ्या वापरल्या असतील तर त्यांत क्लोरीन उन्हात टिकावा म्हणून एक घटक असतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो. अंदाजाने ठरवू नकोस. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस ओटी टेस्ट करतो. दोन थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग येणं थांबलं की मगच पाणी बागेला, थोडं थोडं करून. मिठावर चालणारा तलाव असेल तर त्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं; ते पाणी झाडांना अजिबात नको. टीडीएस मीटरने दोन मिनिटांत कळतं. तसं असेल तर नगरपरिषदेला विचारून गटाराच्या वाहिनीत सोड.

पंपाच्या खोलीत उरलेली औषधं सापडतील: ॲसिडचे कॅन, ब्लीचिंग पावडर, गोळ्यांचे डबे. ती स्वतः हलवण्याआधी दार-खिडकी उघडून ठेव. ॲसिड आणि क्लोरीनचं कुठलंही औषध एकत्र आलं की विषारी वायू होतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर, दोन्ही क्लोरीनचीच म्हणून एका डब्यात ओतली तर पेट घेऊ शकतात. एकाचं माप दुसऱ्याच्या डब्यात घालू नकोस, मातीत पुरू नकोस, मोरीत ओतू नकोस. बंद डबे तसेच्या तसे तलावाची देखभाल करणाऱ्या एखाद्या माणसाला दे, ज्याला ती वापरायची आहेत.

विजेचं काम पाणी काढण्याआधी. परवानाधारक वायरमनकडून पाण्यातल्या दिव्यांची आणि पंपाची जोडणी मुख्य पॅनेलवरूनच काढून टाक. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जमिनीतून गेलेली केबल काढता आली तर काढ, नाहीतर दोन्ही टोकं कापून, बंद करून, नकाशात दाखव. पाच वर्षांनी माळ्याची पहार तिच्यावरच पडणार आहे. स्टीलची शिडी, काठाची दगडी फरशी, दिवे, सगळं कामाचं असतं. सोडवून घेतल्याशिवाय ठेकेदाराला काम सुरू करू देऊ नकोस, कारण दर ठरवताना त्याने ते आपलं धरलेलं असतं.

एवढं सगळं या उन्हाळ्यात बसत नसेल तर घाई करू नकोस. आता एप्रिल संपत आला आहे. कुंपण या आठवड्यात घाल, बादलीची चाचणी कर, विजेच्या वायरी तपासून घे, पंप रोज चालू ठेवायला राखणदाराला पगार वाढवून दे, आणि यंदाचा पावसाळा तलाव भरलेलाच राहू दे. ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीचं पाणी कुठवर येतं ते लिहून ठेव. दिवाळीनंतर अभियंत्याला जागा दाखव, दोन ठेकेदारांचे दर घे, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला गाडी पाठव. पहिलं भोक पाडताना मी तिथे असेन.